बाकावर बसून भात मागितला

रवि. ९ फेब्रु.

सरांकडे पाचवा रविवार. सिंगापुरात सेम्बावांगहून टॅम्पिनीसला सव्वा तास लागतो, मी पावणेदोन तास धरून निघतो. दहाचं सांगितलं होतं. साडेनऊला पोचलो, ब्लॉकखाली थांबलो.

सरांनी लिहिलेली वही, पान ६१. सरांना आता जवळजवळ दिसत नाही. त्यांचं अक्षर लावून मी मोठ्यानं वाचतो, ते सुधारतात, मी मोबाईलवर टाइप करतो. विषय: अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी समान हक्कांचे कायदे कसे करून घेतले. सर पुण्यात लॉ शिकवायचे, मी नववी शिकलेला. गणपतीत मी लिहिलेल्या फलकात त्यांच्या सुनेला, मधुरावहिनींना, एकही चूक सापडली नाही, त्यावरून हे काम आलं. काम म्हणू नये. परमिटवर दुसरं काम चालत नाही. मी काही घेत नाही, फक्त जेवतो.

आजचं पान फार आवडलं. १९६० साल. कॉलेजची चार मुलं. एका मोठ्या दुकानात काळ्यांना सगळं विकत मिळायचं, पण खाण्याच्या काउंटरवर बसू देत नसत. या मुलांनी आधी तिथंच टूथपेस्ट वगैरे घेतली, पावती मागून घेतली, आणि मग काउंटरवर बसून कॉफी मागितली. नाही म्हटल्यावर पावती पुढे केली. तिकडे मी गिऱ्हाईक, मग इकडे का नाही? दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं घेऊन आले.

मी वाचता वाचता थांबलो. सर म्हणाले, "काय झालं?"
"काही नाही सर. पावती मागून घेतली."
सर हसले. "तुला बरोब्बर तेवढंच दिसलं."

मंगळ. ११ फेब्रु.

बहिणीचा, दीपाचा फोन. ग्रामपंचायतीचा निकाल लागला. आई पडली, अकरा मतं.

आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होत नाही. देवळात गावकी बसते, तिथं नाव ठरतं आणि ते बिनविरोध येतं. मला कळतंय तसं हेच. यंदा बाईची एक जागा रिकामी झाली आणि आईनं कुणाला न विचारता फॉर्म भरला. आमच्या वाडीला नळ नाही म्हणून. मला फॉर्म भरल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे तिला माहीत आहे.

घरात मतं दोन, आई आणि दीपा. उरलेली नऊ कुणाची? दीपा म्हणते, आई रस्त्यानं जाताना आता प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते.

शुक्र. १४ फेब्रु.

व्हायचं ते झालं. काल गावकी बसली होती. आम्हाला वाळीत टाकलं.

तसं कुणी सांगितलेलं नाही. कुणी सांगत नाहीत. दीपा दळण घेऊन गेली, गिरणीवाल्यानं डबा ठेवून घेतला आणि दिवसभर दळलाच नाही. संध्याकाळी डबा तसाच परत. शेजारची काकू आईला बघून आत गेली. दीपाची मैत्रीण एस.टी.त दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. बस्स. ड्यूटीवर पाइपाच्या दोन फ्लँजचे बोल्ट पुन्हा तपासले, ते बरोबरच होते.

शनि. १५ फेब्रु.

इथंसुद्धा.

डॉर्ममध्ये, कामगारांच्या वसतिगृहात, आम्ही गावचे चौघे. सुनीलदादा, बाबू, प्रशांत, मी. एकत्र सैपाक. कुणाची पाळी कधी, तो कागद मी लिहून कपाटाला चिकटवलेला होता. आज कामावरून आलो तर नवा कागद. बाबूचं अक्षर. नावं तीन.

खाली सैपाकघरात गेलो. तिघे बाकावर जेवत होते. पातेलं रिकामं. तिघांपुरताच भात लावलेला. प्रशांत मोबाईलकडे बघत होता. सु. दादा माझ्याकडे बघत होता, पण म्हणजे माझ्यामागच्या भिंतीकडे.

मी काही विचारलं नाही. बाहेर जाऊन पाव आणला.

सु. दादानं मला इथं आणलं. एजंटकडे माझ्यासाठी शब्द टाकला. जहाजांच्या यार्डात पहिल्या दिवशी हार्नेसचा, उंचीवर बांधायच्या पट्ट्याचा, हूक कुठं अडकवायचा आणि कुठं कधीच अडकवायचा नाही, हे त्यानं हात धरून शिकवलं. त्याच्याशी भांडण नाही. कुणाशीच नाही.

रवि. १६ फेब्रु.

सरांना सांगितलं नाही. लाज वाटली. वाळीत पडलेल्या माणसाला लाज का वाटावी, ते कळत नाही, पण वाटली.

पान ६६ ते ७०. काउंटरवर बसायला जाण्याआधी पोरं चर्चच्या तळघरात सराव करायची. मित्रच मित्राला शिव्या द्यायचे, खुर्चीवरून ढकलायचे, अंगावर पाणी ओतायचे. म्हणजे खरं होईल तेव्हा हात उठू नये. नियम ठरलेले होते. माझ्यासाठी उतरवून घेतले:
हात उचलायचा नाही.
उलट बोलायचं नाही.
ताठ बसायचं, तोंड काउंटरकडे.
सभ्यपणे बोलायचं.
कपडे चांगले, इस्त्रीचे. अभ्यासाची पुस्तकं बरोबर न्यायची. जेवण मिळालं नाही तरी अभ्यास होतो.

मला वाटायचं शूर माणसं जन्मालाच तशी येतात. ही तर परीक्षेसारखी तयारी करत होती. फार मोठी माणसं. वीस वर्षांची.

मंगळ. १८ फेब्रु.

आईसाठी माफीचा अर्ज लिहिला. गावकीला नारळ आणि माफी दिली की प्रकरण मिटतं, आजवर असंच मिटत आलंय. चार वेळा लिहिला. "माझ्याकडून झालेल्या वर्तनाबद्दल मी गावाची क्षमा मागते." पाचवी प्रत स्वच्छ उतरली. फोटो काढून दीपाला पाठवला.

बुध. १९ फेब्रु.

आईचा फोन. दीपानं वाचून दाखवला म्हणे.

"अक्षर चांगलं हाय," आई म्हणाली. "पन माझं काय चुकलं ते त्यात न्हाय रे लिवलेलं."
"ते लिव, मग मी अंगठा देतंय." आई सही करते. अंगठा देते म्हणाली ती मला टोचायला.

रात्रपाळीचा फोरमन विचारत होता, बरं नाही का. म्हटलं, बरं आहे.

रवि. २३ फेब्रु.

आज सरांना सांगून टाकलं. पान ७४ वर होतो, मतदार म्हणून नाव नोंदवायला जाणाऱ्यांना राज्यघटनेतलं एखादं कलम समजावून सांगायला लावायचे आणि पाहिजे त्याला नापास करायचे, असं पान. वाचता वाचता वही खाली ठेवली. मग सगळंच बाहेर आलं. आईचा फॉर्म, गिरणी, पातेलं.

मधुरावहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "म्हणजे सिंगापूरला येऊनसुद्धा? अरे, फोनवरून वाळीत टाकतात?"

सर म्हणाले, "एकोणपन्नास साली मुंबई राज्यानं बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. पुढे कोर्टात टिकला नाही, बासष्ट साली गेला. मग पन्नासहून जास्त वर्षं काही नाही. आता आपल्याकडे पुन्हा आहे. २०१६ चा. वाळीत टाकणं गुन्हा आहे, महेश. तुरुंग आहे त्याला."

मला माहीतच नव्हतं. मी पुन्हा विचारलं, खरंच? मग वहीत साल लिहून घेतलं.

"पण गावात हे कुणाला माहीत नाही का?" मी विचारलं.
"असेल की. चौसष्ट साली अमेरिकेतला मोठा कायदा झाला तेव्हा हॉटेलवाल्यांनाही माहीत होता. म्हणून काय दारं आपोआप उघडली? माणसं दुसऱ्या दिवसापासून आत जाऊन जेवण मागायला लागली. कायदा चालतो का ते बघायला. जेवायला नव्हे."

नात शेजारी गृहपाठ करत होती. "आजोबा, यू ऑलवेज से द सेम थिंग लाह," म्हणाली. सर म्हणाले, "कारण तू ऑलवेज विसरतेस."

जेवताना वहिनींनी मला तीनदा आग्रह केला. त्यांना काय करायचंय ते मला समजलं. मीही तीनदा घेतलं.

सोम. २४ फेब्रु.

ठरवलं होतं. धुतलेला शर्ट घातला. वेगळ्या चुलीवर माझा भात केला, ताट घेऊन त्यांच्या बाकावर जाऊन बसलो. ताठ. तोंड सरळ.

प्रशांत: "बस की. बाक काय आमच्या बापाचा हाय?"
बाबू हसला. तिघे जेवले, उठले.

काही झालं नाही. इतका घाबरलो होतो आणि काहीच झालं नाही. ते मला बसू देतात. बसू देण्यात त्यांचं काय जातं?

रवि. २ मार्च

सरांना सोमवारचं सांगितलं. ते एवढे हसले की चष्मा पडला.

"अरे, ती पोरं बसायला नव्हती गेली. कॉफी मागायला गेली होती! तू तुझा डबा घेऊन गेलास?"
"हो सर."
"मग त्यांना नाही म्हणायची वेळच कुठं आली?"

मग समजावून सांगितलं, आणि मला वाटतं सगळ्या वहीत नाही ते आज कळलं. गावकीची ताकद कशात आहे, तर कुणी काही बोलत नाही यात. आम्ही काय केलं, आम्ही तर गप्प आहोत. गिरणीवाला नाही म्हणत नाही, दळत नाही. ज्याला नाही म्हणावंच लागत नाही त्याला आपण काय करतोय हे स्वतःलाही ऐकू येत नाही. म्हणून मागायचं. रोज. सभ्यपणे. त्याच्या तोंडून ते निघेपर्यंत.

मी विचारलं, "सर, इथं आंदोलनाला परवानगी लागते. हे त्यात येतं का? माझं परमिट..."
"जेवणाच्या वेळी गाववाल्याकडे भात मागणं? नाही रे बाबा. पण तू विचारलंस ते बरं केलंस. कुणाशी वाद नाही, आवाज नाही, वाट अडवायची नाही."
हेही नियमांत लिहिलं.

सोम. ३ मार्च

ताट रिकामं नेलं. बाकावर बसलो. म्हटलं, "सुनीलदादा, भात वाढतोस का?"

पातेल्यात भात होता. दिसत होता. सु. दादाचा हात थांबला. मग त्यानं पातेल्यावर झाकण ठेवलं, अगदी हळू, आवाज होऊ न देता.

उत्तर नाही. दहा मिनिटं बसलो, मग उठून माझा भात केला.

मंगळ. ४ मार्च

मागितला. उत्तर नाही. बाबू: "याला लाज कशी न्हाय रे?" हे मला नव्हतं, प्रशांतला होतं.

बुध. ५ मार्च

मागितला. सु. दादा उठून पाणी आणायला गेला. जाताना त्याचा ग्लास भरलेलाच होता.

गुरु. ६ मार्च

मागितला. उत्तर नाही. आज तेवढी भीती वाटली नाही. बाकावर बसून सरांच्या पान ८१ चा मजकूर तपासला. अभ्यास होतो, खरंच.

शुक्र. ७ मार्च

प्रशांत कपडे वाळत घालताना एकटा सापडला. मी काही विचारायच्या आत तोच बोलला. "तू दादाला का छळतोस? त्याची आय दर बुधवारी तालुक्याला दवाखान्यात जाते. रिक्षा कुणाची? गावकीच्या अध्यक्षांच्या पुतण्याची. दुसरी रिक्षा हाय का गावात?"
"नाही."
"मग? तुला भात वाढला तर म्हातारी जाईल कशी?"

हे मला आधी का सुचलं नाही. सु. दादा माझ्यावर रागावलेला नाही. घाबरलेला आहे, माझ्यासारखाच. माझी भीती मला ओळखू यायला हवी होती.

रवि. ९ मार्च

सरांना विचारलं, थांबवू का? दादाच्या आईचं सांगितलं.

ते म्हणाले, पान ८८ वाच. तिथं असं: एका राज्यात काळा माणूस नाव नोंदवायला गेला की त्याचं नाव पेपरात छापायचे. कायद्यानंच. म्हणजे मालकाला कळावं, घरमालकाला कळावं, दुकानदाराला कळावं. कामावरून काढायचे, घर सोडायला लावायचे. आणि तरी लोक जात. उन्हात रांगेत उभे राहत, कचेरी बंद व्हायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"त्यांनी आपलं नाव दिलं," सर म्हणाले. "दुसऱ्याचं नाही. हा फरक लक्षात ठेव. भात मागणं तुझं आहे, माग. सुनीलनं काय करायचं ते त्याचं."

परत येताना MRT च्या गाडीत उभा राहिलो. बसायला जागा होती. त्या रांगेतल्या लोकांचा विचार करत होतो. नावं पेपरात येत होती, तरी सकाळी उठून अंघोळ करून, चांगले कपडे घालून.

सोम. १० मार्च ते गुरु. १३ मार्च

चार दिवस मागितला. उत्तर नाही. बुधवारी मुद्दाम विचारलं, "दादा, आई बरी आहे का?" त्यानं मान हलवली. चार आठवड्यांत पहिल्यांदा.

शनि. १५ मार्च

शिमगा. देवाची पालखी गावात घरोघर येते. काल आमच्या वाडीत आली.

दीपानं फोनवर सांगितलं, तसं लिहितो. आईनं सकाळपासून अंगण सारवलं. दीपा म्हणाली, कशाला, येणार नाहीत. आईनं रांगोळी काढली, हळद-कुंकवाचं ताट केलं, नवी साडी नेसली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. पालखी आली, ढोल वाजत होते, आणि आमच्या दारावरून पुढे निघाली. तर आई अंगणात उतरली आणि अध्यक्षांना नाव घेऊन हाक मारली. सगळ्यांसमोर.

"पालखी का थांबली न्हाय?"

ढोल बंद. कुणी बोलेना. आईनं पुन्हा विचारलं. "दादानु, मी विचारतंय. माझ्या दारात देव का थांबला न्हाय? तुमी सांगा."

दीपा म्हणाली, "दादा, अध्यक्ष असे चुळबुळत होते. शेवटी ओरडले, तुझं घर गावात नाही! आणि सगळ्यांनी ऐकलं. अर्ध्या लोकांचे फोन सुरू होते, पालखीचं शूटिंग चालू होतं ना."

तीन वेळा ऐकलं मी दीपाकडून. आईला मी काउंटरचं काही सांगितलेलं नाही. सराव नाही, नियम नाहीत, वही नाही. आई तिसरी शिकलेली आहे.

फोन आईला द्यायला सांगितला. म्हटलं, "आई, तुला भीती नाही वाटली?"
"वाटली की. लुगडं थरथरत होतं."

रवि. १६ मार्च

सरांना सांगितलं. त्यांनी वही मिटायला लावली. म्हणाले, आज टायपिंग नको. खिडकीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "मी एकतीस वर्षं हा विषय शिकवला रे."

मग वहिनींना हाक मारली.

जेवणाआधी वहिनींनी तालुक्यातल्या एका वकीलबाईंचा नंबर शोधून दिला. त्या वाळीत टाकलेल्या कुटुंबांची प्रकरणं चालवतात. मी वहिनींच्या समोरच फोन लावला, नाहीतर लावला नसता.

मंगळ. १८ मार्च

आई आणि दीपा वकीलबाईंकडे जाऊन आल्या. तक्रार द्यायची ठरलं. आईनं सही केली.

वकीलबाईंनी मला मेसेज केला: पालखीचं शूटिंग कुणी देईना. अध्यक्ष म्हणतात, रागाच्या भरात बोललो, गावकीनं काही ठरवलेलंच नाही. तुमच्याकडे परदेशात जे झालं ते महत्त्वाचं आहे. गावापासून एवढ्या लांब तीन माणसं एकाच दिवशी जेवण बंद करतात, ते कुणीतरी सांगितल्याशिवाय होत नाही. कुणी सांगितलं, कुणाला, कधी, ते लिहून सही करून पाठवा. सोमवारपर्यंत.

कुणाला सांगितलं असणार ते मला माहीत आहे. पण ऐकलेलं नाही. न ऐकलेलं मी लिहिणार नाही.

बुध. १९ मार्च

मागितला. उत्तर नाही. वकीलबाईंचं मी कुणाला बोललो नव्हतो, पण गावात बातमी फुटलीय. बाबू ताट घेऊन दुसऱ्या बाकावर गेला.

गुरु. २० मार्च

जसं झालं तसं.

साडेसातला खाली गेलो. सु. दादा आणि प्रशांत बाकावर, बाबू लांब. ताट ठेवलं. म्हटलं, "सुनीलदादा, भात वाढतोस का?"

त्यानं डाव खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही.

"न्हाय वाढणार," तो म्हणाला. "अध्यक्षांचा फोन आला होता. मला आला होता. म्हणाले, पार्वतीच्या पोराला पंगतीत घ्यायचं न्हाय, बोलायचं न्हाय. घेतला तर तुमच्या घरी पालखी न्हाय आणि आयला रिक्षा न्हाय. म्हणून मी ह्या दोघांना सांगितलं. म्हणून वाढत न्हाय."

प्रशांत: "दादा!"
"गप रे. विचारतोय ना तो. रोज विचारतोय."

मग उठला, ताट धुतलं, वर गेला. भात पातेल्यात तसाच होता. मी घेतला नाही. त्यानं वाढला नव्हता.

खोलीवर येऊन लगेच सगळं लिहिलं, शब्द विसरू नयेत म्हणून. घाईत दोन ओळी वाकड्या आल्या.

त्याला नाही म्हणायला एवढंच पुरलं असतं. "नाही." बाकीचं सांगायची गरज नव्हती.

शुक्र. २१ मार्च

मजकूर तयार केला. एक पान. दोन तऱ्हांनी लिहिता येतं. "गावातील एका सहकाऱ्यास फोन आला", किंवा नाव घालून. वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नावाशिवाय फारसा उपयोग नाही. पण नाव घातलं तर अध्यक्षांना कागद दिसेलच.

सरांना फोन केला. त्यांनी तेच सांगितलं, आपलं नाव देता येतं, दुसऱ्याचं मागावं लागतं. मग विचारलं, "तुला काय वाटतं?" मला काय वाटतं हे मला कुणी फारसं विचारत नाही. म्हटलं, "त्याला वाचायला देतो."

आज खाली गेलो नाही. पहिल्यांदा चुकलं.

शनि. २२ मार्च

अर्धा दिवस. दुपारी सु. दादा कॉटवर बसून बुटांची नाडी बदलत होता. मी कागद त्याच्यापुढे धरला. नाव घातलेला.

म्हटलं, "दादा, हे पाठवायचं आहे. तू वाच. तू म्हणशील तर नाव काढतो. तू म्हणशील तर पाठवतच नाही."

"आयचं काय, ते तू बघणार हायस?"
"वकीलबाई म्हणाल्या, तालुक्याहून गाडी पाठवता येईल. बुधवारची. एक-दोन महिने. पुढचं त्यांनाही माहीत नाही." मी खोटं सांगितलं नाही.

त्यानं कागद घेतला. सावकाश वाचतो तो, ओठ हलवत. खालपर्यंत गेला, पुन्हा वर आला. मला वाटलं फाडणार.

"पेन दे."

दिलं. मी लिहिलं होतं, फोन शनिवारी आला असावा. त्यानं शनिवारवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, शुक्रवार, सकाळच्या दहाच्या चहाला, क्रेनच्या खाली होतो. त्याच्या अक्षरात, पान भरून तिरकं. "असावा" खोडलं. "आला" केलं.

मग कागद माझ्या हातात दिला आणि पुन्हा नाडी ओवायला लागला.

"नाव?" मी विचारलं.
"बूट आणतंय," असं काहीतरी पुटपुटला आणि चपला घालून खाली गेला. बूट समोरच होते.

रवि. २३ मार्च

सरांकडे गेलो नाही, फोन करून सांगितलं. सकाळपासून कागद समोर ठेवून बसलोय.

नाव त्यानं खोडलेलं नाही. ठेव असंही म्हणालेला नाही.

खाडाखोड असलेला कागद मी आजवर कुणाला दिलेला नाही. सवयीनं स्वच्छ प्रत करायला घेतली, दोन ओळी उतरवल्या आणि थांबलो. स्वच्छ प्रतीत शुक्रवार माझ्या अक्षरात येतो. ह्या कागदावर तो त्याच्या अक्षरात आहे. हाच कागद गेला तर मी नाव दिलंच नव्हतं असं उद्या दादालाही म्हणता येणार नाही. त्याला हे लिहिताना कळलं होतं का, की फक्त चूक सुधारली? दादाला चुकलेलं बघवत नाही, बोल्ट असो की काही असो.

विचारायला हवं. मागायचं तर सरळ मागायचं, एवढं तर मी शिकलोय.

दुपारी दोनदा जिन्यापर्यंत गेलो. तो खाली बाबूबरोबर कॅरम खेळत होता. दुसऱ्यांदा त्यानं वर बघितलं, मला बघितलं, आणि सोंगटी मारायचा थांबला. मारली नाही. थांबूनच राहिला.

खाली जातोय.